चूप अक्षरं

११ नोव्हेंबर

दुकान उघडायला गेलो तर शटरवर शेण. हातानं फासलेलं, बोटं उमटलेली. मधे माझंच अक्षर: पेंटर दिगू-अनीस, मोताळा. हरामखोरानं मोबाईल नंबर तेवढा शेण न लावता सोडला होता. शिव्या द्यायला लागतो ना.

आले फोन. दुपारपर्यंत मोजणं सोडून दिलं. एकजण आईवरून सुरू झाला, बहिणीवर आला, मग रडायला लागला. रडणाऱ्याला काय उत्तर द्यायचं? ठेवून दिला.

अनीस उशिरा आला. शटरकडे पाहून म्हणाला, "दिगू, तेरे नाम पे जास्ती लगाया हय. मेरेकू पूछतेच नहीं कोई." आणि बादली घेऊन धुवायला बसला. सोळा-सतरा वर्षांपासून आम्ही भागीदार, मराठी माझी, उर्दू त्याची. ह्या माणसाला कधी राग येतो ते अजून मला कळलेलं नाही. मला मात्र आला. रस्त्यात उभं राहून ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं म्हणून मी पण शिव्या दिल्या. समोरचा चहावाला आत गेला.

उन्हाळ्यात कृषी केंद्राच्या शेठनं चाळीस-पन्नास गावांतल्या भिंती आमच्याकडून रंगवून घेतल्या. बीटी कपाशीचं बियाणं. पिवळ्यावर लाल, काळी सावली. "एकदा लावा, बोंडअळी विसरा!" वाक्य कंपनीचं. खाली कोपऱ्यात आमचं नाव, कोणताही पेंटर टाकतो तसं. आता बोंडाबोंडात गुलाबी अळी. कंपनीचा फोन लागत नाही, शेठ शटर ओढून पसार. गावात उरलं कोणाचं नाव? भिंतीवरच्या पेंटरचं.

१३ नोव्हेंबर

गजू आला होता. माझ्या बायकोचा, शोभाचा, धाकटा भाऊ. गोणी घेऊन थेट स्वयंपाकघरात, गोणी उलटी केली. बोंडं. एकेक बोंड मुठीत फोडून माझ्या तोंडापुढे धरायला लागला. आत किडलेली सरकी आणि ती अळी, गुलाबी, मऊ.

"वाचा भाऊजी. वाचा न. तुमीच लिवलं व्हतं न, अळी विसरा?"

मी म्हणालो, वाक्य कंपनीचं आहे.

"कंपनीले कोन ओळखते? म्या तुमचं नाव पाह्यलं भितीवर. माह्या भाटव्याचं अक्षर हाये म्हून घेतलं. शेजारच्यालेही म्याच सांगतलं. आता त्याची बायको मले रस्त्यात थांबवून थुकते."

मग म्हणाला, पेरणीआधी दुकानाच्या नंबरवर फोन केला होता, अनीसनं उचलला. "लगाव म्हने, बढिया हय."

हे खरं असणार. जूनमध्ये रोज फोन यायचे. लोकांना वाटायचं भिंतीवरचा नंबर कंपनीचा. मी तोडायचो. अनीसला मौज वाटायची, "हाव हाव, लगाव चाचा, अल्लाह बरकत देगा." अनीस कोणालाही, कशालाही, लगाव म्हणतो. लग्नाचं विचारलं तरी लगाव म्हणेल.

मी ओरडलो, पेंटर आहोत आम्ही, बियाणं काढतो का? गजूनं भिंतीवर मूठ मारली. पोपडा पडला, त्याचं कातडं सोललं. शोभा जमिनीवरच्या अळ्या झाडूनं गोळा करत होती. काही तिनं पायानं चिरडल्या.

१६ नोव्हेंबर

पिंपरीच्या कब्रस्तानच्या कमानीचं काम. फ्लेक्स येऊन आमचा धंदा बसला, पण कमानीला फ्लेक्स चालत नाही, एवढी मेहेरबानी.

एकाच पट्टीवर डाव्या अर्ध्यात मराठी, उजव्या अर्ध्यात उर्दू. मी डाव्या टोकाच्या शिडीवर, अनीस उजव्या. मी इकडून लिहीत सरकतो, तो तिकडून. मधे आलो की बिडी. असंच करतो आम्ही पहिल्यापासून. मधे कोणाची जागा कमी पडली की भांडण.

आज भांडण दुसऱ्याच गोष्टीवरून. कमान बांधून देणाऱ्याचं नाव अब्दुर्रशीद. अनीस "अब्द"नंतर एक उभा अलिफ आणि एक लाम काढायला लागला. हे दोन कशाला? म्हणे लिहायचे, बोलायचे नाहीत. चूप अक्षरं.

मी म्हणालो, मग रंग काऊन वाया घालवतो? आमच्यात असं फुकट खाणारं अक्षर नाही. जे लिहिलं ते बोललंच पाहिजे.

"इसीलिये तुम्हारा लिखा इतना शोर करता हय," म्हणाला. आणि मग, ब्रश न उचलता, "ये दोनों चुप हय, मगर अपनी जगे पे खडे हय. निकाल दे, नाम गिर जाता."

मोटारसायकलवरून दोघं गेले. एकानं दगड मारला. माझ्या शिडीला लागला, खणकन. "खोटं लिवनारे!" मी उतरून मागे पळालो. चप्पल फेकली, ती पण गेली. अनीस वर शिडीवर हसत होता. ते नाव अर्धंच राहिलं, अंधार पडायला लागला म्हणून निघालो. उरलेलं बाजार झाल्यावर करू म्हणालो.

२० नोव्हेंबर

परवा लिहिता आलं नाही. आज पण मान वळत नाही. कपाळाला टाके सहा. लिहून काढतो, नाहीतर डोक्यातच कुजेल.

परवा बाजाराचा दिवस. सकाळपासूनच स्टँडवर गर्दी वेगळी, पिशव्या कमी, काठ्या जास्त. कृषी केंद्राचं शटर पहारीनं उचकटलं. आतून फवारणीचे पंप, पुड्या, खुर्च्या रस्त्यावर. पेटवलं. औषधाचा धूर, डोळे चुरचुरले. मला वाटलं, झालं, आता जातील.

कोणीतरी ओरडलं, "पेंटर!"

एवढंच. शंभर माणसं वळली.

मी शटर ओढायला धावलो, अर्ध्यावर आलं तेवढ्यात पितळी पंप डोक्यावर बसला. खाली पडलो. लाथा. एक तोंड ओळखीचं, एक नाही, एकाच्या घराची पाटी मीच रंगवलेली. "लिव अजून! लिव!" प्रत्येक लाथेला लिव. आत अनीस "अरे सुनो तो, सुनो तो" म्हणत होता. लाल इनॅमलचा अख्खा डबा त्याच्या डोक्यावर ओतला.

कोणीतरी माझी कॉलर धरली आणि ओढत मागच्या पत्र्याच्या खोलीत नेलं. गजू. मला वाटलं हा मला मारणार. म्हणाला, "भाऊजी, आवाज करू नका," आणि बाहेरून कडी लावली.

पत्र्याला फट आहे, तिच्यातून दुकान दिसतं. ती बुजवायची म्हणून दोन वर्षं राहिली.

दोघांनी अनीसला पालथं पाडलं होतं. कोणीतरी विचारलं, "कोनत्या हातानं लिवते बे हा?"  गजूला माहीत होतं. आमच्या घरी दिवाळीला किती वेळा जेवलेत दोघं एका ताटाला. शटर अडवायला आम्ही एक दगड ठेवतो. तो गजूनं उचलला. पहिल्यांदा उजव्या हातावर मारला तेव्हा अनीस ओरडला. दुसऱ्यांदा मारला तेव्हा ओरडला नाही. तिसऱ्यांदा कशाला मारला?

मी पत्र्यावर लाथा मारत होतो, ओरडत होतो, कोणाला ऐकू गेलं नाही की गेलं, ठाऊक नाही. सगळीकडे लाल. रंग कोणता आणि रक्त कोणतं, कळत नव्हतं. मला ते अजून कळत नाही आणि मला गजूचा जीव घ्यावासा वाटतो.

२१ नोव्हेंबर

बुलडाण्याला गेलो. अनीसच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढावं लागलं. बाकीची तीन राहतील म्हणाले डॉक्टर. कशाला राहतील? ब्रश काय करंगळीनं धरायचा?

अनीस झोपेच्या औषधात. कानामागे, भुवईत, नखांत लाल रंग तसाच. त्याची बायको रुखसाना रॉकेलचा बोळा घेऊन हळूहळू काढत होती. नर्स म्हणाली इथं रॉकेल आणू नका. तिनं ऐकलं नाही.

मला म्हणाली, "दिगूभाई, तुम तो वहींच थे ना?"

हो म्हणालो.

"तो देखा होगा."

मी म्हणालो, डोक्याला मार होता. ती पुन्हा कान पुसायला लागली.

पोलीस ठाण्याचे जमादार दवाखान्यातच भेटले. अनीसनं त्यांना सकाळीच, शुद्धीत असताना सांगितलं, डोळ्यात रंग गेला होता, कोणी दिसलं नाही. म्हणजे सगळं माझ्यावर आलं. "ओळखलं का कोनाले?" मी म्हणालो, चक्कर येते, आठवून सांगतो. ते म्हणाले, "आठवा. पन लौकर आठवा. नाहीतर अनोळखी इसम लिवून मी मोकळा होतो."

२३ नोव्हेंबर

शोभाला कळलं. मी सांगितलं नव्हतं. गजूच्या बायकोनं त्याचा रंगानं भरलेला शर्ट रॉकेलनं धुतला, निघाला नाही, जाळला. तिनंच शोभाला सांगितलं, रडत रडत.

शोभा आली, माझ्या समोर बसली. "तुमाले मालूम व्हतं?"

हाव.

"मंग बोलले काऊन नाही?"

मी म्हणालो, तुझा भाऊ आहे.

"त्यानं तुमाले जित्तं ठेवलं. त्या गर्दीनं तुमाले सोडलं नसतं. हे बी सांगसान का पोलिसाले?"

मी ताट फेकलं. भिंतीवर वरण. म्हणालो, मला वाचवलं म्हणून त्याचा हात ठेचायची परवानगी मिळाली का त्याला? माझ्या वाट्याचा मार त्यानं अनीसला दिला. मला पाहुणा म्हणून उचलून बाजूला ठेवलं आणि ज्याचं कोणी नातं नाही त्याला निवडलं. ती पण ओरडली. तिला एवढं ओरडताना मी लग्नापासून पाहिलं नव्हतं. म्हणाली, "त्याचं वावर पाह्यलं का तुमी? पाह्यलं का? ट्रॅक्टर घातला त्यानं उभ्या कपाशीत."  मग म्हणाली, अनीसभाऊच्या घरी डबा कोण देतं?

देतो म्हणालो, उद्यापासून आपण.

२६ नोव्हेंबर

गजूच्या वावरात गेलो. मारायलाच गेलो होतो, खोटं कशाला लिहू.

अर्ध्या वावरात ट्रॅक्टर फिरवलेला, अर्ध्यात कपाशीची पऱ्हाटी उभी. गजू बांधावर एकटा बसलेला. मला पाहून उठला, पळाला नाही. मी एक पऱ्हाटी उपटली आणि मारायला सुरुवात केली. पाठीवर, दंडावर, मांडीवर. काटकी तुटली की दुसरी उपटायची. बोंडं फुटून उडत होती. त्यानं एकदाही हात वर केला नाही, त्यामुळे मला जास्तच चेव आला. माझ्या डोक्याचा टाका सुटला, डोळ्यात रक्त उतरलं, तरी मारत होतो. मी ओरडत होतो, तिसऱ्यांदा काऊन मारलं बे? तिसऱ्यांदा काऊन?

तो खाली बसला. म्हणाला, "मले नाही मालूम भाऊजी. हात थांबलाच नाही."

मग माझे पाय धरले. "मारा. जितकं मारायचं तितकं मारा, मी हूं का चूं करनार नाही. पन नाव लिवू नका."

मी पऱ्हाटी टाकून दिली. दोघं तिथंच बसलो, धापा टाकत. त्याच्या कानातून रक्त येत होतं. मी रुमाल दिला आणि दिल्यावर माझाच राग आला. मारानं फिटतं असं त्याला वाटतं. आमच्याकडे सगळ्यांनाच तसं वाटतं. दोन द्यावेत, दोन घ्यावेत, संध्याकाळी चहा प्यावा. कागदावर मात्र नको. कागदावरचं नाव धुतलं जात नाही ना.

येताना पिंपरीवरून आलो. कमानीवर अनीसनं लिहायला घेतलेलं नाव अर्धंच आहे, "अब्द" आणि ती दोन चूप अक्षरं. पुढे नुसता चुना.

२८ नोव्हेंबर

गावातला एक पुढारी घरी आला. पांढरे कपडे, खुर्चीवर न विचारता बसला. म्हणे, दिगंबरराव, प्रकरण वाढवू नका, मी चार नावं सांगतो तेवढी सांगा. त्यातले दोघं त्या दिवशी गावात नव्हते हे मला पक्कं माहीत. एकाशी ह्याचं बांधाचं भांडण आहे. वर म्हणतो, "तुमच्या मेव्हण्याचं कुठंच येणार नाही. माझा शब्द."

म्हणजे ह्याला पण माहीत. म्हणजे सगळ्या मोताळ्याला माहीत. शंभर माणसांनी पाहिलं आणि शंभर माणसं अनोळखी इसम.

हाताला टर्पेंटाइनची बाटली लागली, ती त्याच्या पायाशी फोडली. काडेपेटी काढली. खरंच काढली. गेला पळत, एक बूट इथंच राहिला. शोभानं तो काठीनं उचलून उकिरड्यावर टाकला. दोघं हसलो, किती दिवसांनी. मग ती आत जाऊन रडली.

अनीस म्हणतो चूप अक्षरं आपल्या जागी उभी असतात. मी चूप आहे, पण माझ्या जागी कुठं उभा आहे? बोललो तर बायकोचं माहेर संपतं. नाही बोललो तर अनीसच्या समोर कसा बसू? दुकानात दोनच स्टुलं आहेत.

१ डिसेंबर

अनीसला सोडलं. रिक्षानं घरी जायच्या आधी माझ्याकडे उतरला. मी म्हणालो कशाला त्रास, तर म्हणे, "भाभी के हाथ की चाय पिये बिना कैसा जाऊं."

वाळलाय. हात गळ्यात बांधलेला, पांढरा गठ्ठा. डाव्या हातात कप नीट धरता येईना, बशीत सांडलं. शोभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढे आली, कप घेतला, खाली त्याच्यापुढे बसली आणि घोट घोट पाजला. त्यानं नको नको केलं, मग प्यायला.  त्याच्या दाढीवरचा चहा तिनं पदरानं पुसला.

"अच्छी हय भाभी. शक्कर जरा कम."

मी त्याला रिक्षापर्यंत सोडायला गेलो. आत बसला, रुखसाना बाजूला. मला जवळ बोलावलं. मला वाटलं दुकानाचं काही.

म्हणाला, "दिगू, रंग सर पे गिरा था, आंख में बाद में उतरा."

मला आधी समजलंच नाही.

"हाथ पकडा तब साफ दिख रहा था. सब दिख रहा था. गजू को मैंने नाम लेके बोला, गजूभाई मत. उसने सुना."

मी विचारलं, मग जमादाराला सांगितलं का नाही?

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मेरे बोलने से वो मुसलमान का बोलना हो जाता. दूसरे दिन मोहल्ले पे पत्थर. तू बोलेगा तो गवाही होगी." आणि मग, "मैं राह देख रहा था, तू बोलता क्या."

रिक्षा गेली. रुखसानानं मागे वळून पाहिलं नाही.

दहा दिवस हा माणूस त्या खाटेवर पडून माझी वाट पाहत होता, आणि मी डबे पोहोचवत होतो. भाजी आवडली का विचारत होतो. स्वतःच्याच थोबाडीत मारली. खरंच मारली, रस्त्यात. येणारेजाणारे बघत होते.

२ डिसेंबर

जमादारांचा फोन. उद्या सकाळी या, नाहीतर कागद बंद करतो.

संध्याकाळी शोभानं माझा पांढरा शर्ट इस्त्री केला. कॉलर दोनदा केली. खुंटीला लावला. मग समोर येऊन उभी राहिली, हात तसेच गरम असतील.

"जा तुमी. मी अडवत नाही. पन काय सांगनार ते मले आता सांगा. मले भायेरून कळू नये."

मी सांगितलं. गजूचं नाव, दगड, तीनदा. मला त्यानं कोंडून वाचवलं तेही सांगणार, लपवणार नाही. वावरात मी त्याला मारलं तेही.

तिनं सगळं ऐकलं. माझ्या कपाळावरचा टाका बघितला, बोटानं दाबून, दुखेल एवढं. मग माझाच मोबाईल घेतला आणि गजूला लावला. पलीकडे त्यानं उचलला, "भाऊजी?" एवढं मला ऐकू आलं.

"त्याले बी भायेरून कळू नये," मला म्हणाली, फोन घेऊन परसात गेली आणि दार ओढून घेतलं.